माझे साडू आणि लोकांचे कान

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात लोक एकमेकांच्या पिकांची, पोरींच्या लग्नांची आणि झालंच तर मोडलेल्या सोयरिकींचीही काळजी वाहतात. पण लोकांच्या कानांची काळजी वाहणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. कळंब रस्त्यावरच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. वय झालं तसा मालकाने त्यांच्या हातातला पाना काढून घेतला आणि दर हंगामात मजुरांना आवाजापासून कान कसे वाचवायचे हे शिकवण्याचं काम दिलं. मालकाला वाटलं, म्हातारा माणूस आता एका जागी बसेल. साडू बसणाऱ्यांतले नाहीत.

त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात सुपारी आणि दुसऱ्यात कानात घालायचे फोमचे प्लग असतात, आणि समोरच्याच्या हातावर आधी काय पडेल याचा नेम नसतो. घरी आलेल्या पाहुण्याला ते प्लग बारीक वळायला लावतात, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर ओढायला लावतात, आणि प्लग आत फुगेपर्यंत बोट काढू देत नाहीत. तोवर चहा निवतो. नेरला आमच्याच नात्यातल्या एका लग्नात डीजे छाती हादरवत होता. साडू वरातीत घुसले, घोड्यावरच्या नवरदेवाला खाली वाकवलं आणि त्याच्या दोन्ही कानांत प्लग बसवून म्हणाले, "उद्यापासून बायकोचं आयकाचं हाय तुले. कान शाबूत ठेव." मंगलाष्टकं संपेपर्यंत बिचारा ज्याच्या-त्याच्याकडे पाहून नुसता हसत होता.

जिनिंगमधलं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, ओळीने सुरू झाली की शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागतं. "हातभरावर उभं राहून वरडा लागलं, का समजाचं, कान जाऊन राह्यले," हे साडूंचं पहिलं वाक्य. आणि मजूर काय करतात, तर समोर रुईचा ढीग पडलेलाच असतो, त्यातली चिमूटभर कानात कोंबतात आणि निर्धास्त होतात. या रुईशी साडूंनी जितकं भांडण केलं तितकं भावकीशीही केलं नसेल. एकदा तर त्यांनी माझा फोन रुईत गुंडाळून वाजवून दाखवला. फोन आतून खणखणीत वाजला, बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या कानांत रुई. माझ्या फोनमधून अजून तंतू निघतात.

मजुरांत सगळ्यांत हट्टी होती ती जवळच्या तांड्यावरून येणारी एक वयस्क बंजारा बाई. सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणतात. ती रुईही घालत नसे आणि प्लगही. तिचा शब्द बायांत चालायचा. तिने प्लग घातला असता तर सगळ्यांनी घातला असता, आणि साडू त्याच एका आशेवर रोज तिच्यापुढे हात पसरून उभे राहायचे.

"मले कायले पायजे?" ती म्हणायची. "आधी लय आवाज वाटे. आता सवय झाली."

"सवय नोय ते, याडी. कान मरते तवा आवाज लहान वाटते. अन् मेलेला कान वापस येत नाही."

एकदा तिने उलट विचारलं, "तुमी तं त्याच आवाजात राह्यले. तुमाले काय झालं?"

झालं होतं ते तिला दिसत नव्हतं. त्यांच्या कानात ऐकण्याचं बारीकसं मशीन असतं, पण मशीनने आवाज मोठा होतो, शब्द काही उलगडत नाहीत. म्हणून त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आयुष्यभर त्यांच्याशी ओरडून बोलत आली. गल्लीत सगळे ताईंना भांडखोर समजतात. माझी बायको सांगते की माहेरी ताईंइतकं हळू कुणीच बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साडू ताईंनाच जिनिंगमध्ये घेऊन आले. मलाही ओढलं होतंच. रेचे बंद होते. त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं, तळहातावर प्लग घेतले, ताईंकडे पाठ केली आणि बायांना म्हणाले, "आता हे तिच्या खऱ्या आवाजात 'घरी चला' म्हनन. मले आयकू आलं तं मी मांगं पाहीन."

ताई थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग इतक्या मऊ आवाजात बोलल्या की हा आवाज त्यांचा आहे हे मलाच पटेना.

"आवो, मले तुमच्याशी कधीच भांडाचं नव्हतं. तुमाले आयकू जावं म्हनून वरडत होती."

शेडमधल्या शेवटच्या बाईपर्यंत ते ऐकू गेलं. साडू तसेच समोर पाहत उभे होते, शाळेतल्या पोरासारखे ताठ. मला तिथे उभं राहवेना. याडीने डोळ्यांना पदर लावला, पुढे आली आणि त्यांच्या तळहातावरचे दोन प्लग उचलले. तिच्यामागून बाकीच्याही आल्या.

बाहेर गाडीपाशी साडूंनी मशीन कानात बसवलं. स्वारी खुशीत होती, पण गोंधळलेलीही. मला म्हणाले, "काहून जी, 'घरी चला' म्हनल्यानं बाया रडतेत का? काय म्हनली हे?"

ताई पलीकडे बघत होत्या. साडूंना सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागलं असतं, आणि ते वाक्य ओरडण्याचं नव्हतं.

"घरी चलाच म्हनलं त्यायनं," मी मोठ्याने म्हणालो.

"बरं," म्हणत त्यांनी गाडीला किक मारली. ताई मागे बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.