एकतीस नंबरचा जबडा

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे प्लॅस्टरबाई म्हणत. दवाखान्यांतून तोंडाची मापं येत, त्यांत ती प्लॅस्टर ओती, टेबल थरथरवून बुडबुडे काढी आणि घट्ट झालेला जबडा घासून नीट करी. सतरा वर्षं हेच काम. नवरा गेल्यावर पंधरवड्याने ती परत आली, तेव्हा कवळ्या घासणारे काका म्हणाले होते, अजून राहायचं होतंस घरी. घरी काय आणि इथे काय, तिला सारखंच होतं. भूक लागली की नाही हेसुद्धा ती घड्याळ पाहून ठरवी.

आठ वर्षांच्या लेकीचे दात वेडेवाकडे येत होते. नवरा एकदा मोजे घालता घालता म्हणाला होता, "बारा वर्षांची होऊ दे, दुधाचे दात पडू देत, मग तारा लावू." त्या सहज वाक्याची आता काळ्या दगडावरची रेघ झाली होती. सासूबाईंनी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा, ते बारा म्हणाले होते, एवढंच सांगून ती उठली.

मंगळवारी एका दवाखान्यातून माप आलं. तो दवाखाना नाव लिहीत नसे. चिठ्ठीवर फक्त 'एकतीस, मुलगी, वय आठ'. वरखालचे जबडे जुळवताना तिचा हात थांबला. डावीकडे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. उलटा चावा. अशी मुलं चावताना जबडा एका बाजूला सरकवतात, आणि पुढे हाडही तसंच वाढत जातं. नुसत्या वाकड्या दातांसाठी पुष्कळदा थांबता येतं. यासाठी नाही.

"काका, हे बघा. वरचा जबडा आत्ताच रुंदावून घ्यायला हवा. आई कशाची वाट बघतेय कोण जाणे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "असते एकेकीची झोप गाढ," ते म्हणाले.

संध्याकाळी जेवताना लेकीच्या पोटात गुपित राहिलं नाही. काल आजीने तिला दवाखान्यात नेलं होतं, तोंडात गुलाबी लगदा भरला होता आणि आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं. सासूबाईंनी दवाखान्याची चिठ्ठी काढून ताटाशेजारी ठेवली.

"एकतीस नंबर," त्या म्हणाल्या. "तुझ्याच हातून गेला असेल."

तिने हातातला घास तोंडात घातला, चावला, गिळला. रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही.

"माझ्या लेकाचा शब्द मोडायला नाही गं नेलं. पण त्याला दातांतलं काय कळत होतं? चावून चावून ब्रशाचा झाडू करायचा."

तिने लेकीला दिव्याखाली उभं केलं आणि दाढा टेकवायला सांगितल्या. हनुवटी डावीकडे सरकली. रोज समोर बसणारी पोर, आणि हे तिला दिसलं नव्हतं.

"आई, उद्या दवाखान्यात कळवा, सुरू करा म्हणावं. मी येते बरोबर."

"पण बाबा बारा म्हणाले होते," लेक म्हणाली.

"बाबा चुकले होते."

नवरा गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्याच्याविषयी ती नवं असं काही बोलली, ते एवढंच. मग तिने लेकीला उरलेलं जेवण संपवायला सांगितलं.