सकाळच्या सत्राचा ठराव

आमच्या कॉलेजच्या विकास समितीवर मी निवडून गेले, ते दुसऱ्या कोणालाच जायचं नव्हतं म्हणून. शिक्षकांच्या जागांपैकी एक बाईंसाठी राखीव असते. कायम नोकरीतल्या आम्ही बायका तिघीच. एकीचं बाळ अंगावर पिणारं, दुसरी निवृत्तीला आलेली. उरले मी. अर्थशास्त्र शिकवणारी, आतल्या एका खेड्यातून लग्न होऊन भिवंडीत आलेली.

पहिल्या काही बैठका प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाल्या. प्राचार्य विषय वाचायचे, संस्थेचे अध्यक्ष मान डोलवायचे आणि हेडक्लार्क ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहून घ्यायचे. वडे येईपर्यंत विषय संपलेले असत. अध्यक्षांच्या वडिलांनी खाडीकडची स्वतःची भातजमीन कॉलेजला दिली होती; घराण्याच्या उरलेल्या जमिनीवर आता गोदामं आहेत. माणूस वाईट नव्हता. गॅदरिंगला पहिल्या रांगेत शेवटचा नाच होईपर्यंत बसायचे, आणि एखाद्या मुलाच्या घरी काही वाईट झालं तर न सांगता जाऊन यायचे. मला वाटायचं, यांच्याशी बोलता येईल.

मग एका बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ आली: सकाळचं सत्र बंद करून इमारत सकाळच्या वेळी नव्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांना देणे.

आमचं सकाळचं सत्र म्हणजे अकराला भरणाऱ्या दिवसाच्या कॉलेजचा उरलासुरला भाग नव्हता. पॉवरलूमवर रात्रपाळी करून डोळे चोळत येणारी मुलं त्यात होती. दुपारी गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या मुली होत्या. आणि सगळ्यात जास्त होत्या त्या ‘बारापर्यंत घरी’ या एका अटीवर शिकणाऱ्या मुली. टेमघरच्या, आसपासच्या गावांतल्या, लूमच्या गल्ल्यांमधल्या. त्यांच्या घरांत कॉलेज एवढ्यापुरतंच मान्य होतं.

सकाळी भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर होते. तासिका तत्त्वावर. कित्येक वर्षं ते दर जूनला नव्याने नेमले जायचे. कायम शिक्षकांच्या मतदार यादीत त्यांचं नाव नव्हतं, समितीच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. विषयपत्रिका वाचून त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

“मॅडम, मला मत नाही नि खुर्चीही नाही. तुम्हाला दोन्ही आहे. बोला.”

“मी बोलेन हो. पण ते म्हणतील, मुलं अकराला येतील.”

“मग आपण मुलांनाच विचारू.”

आम्ही वर्गावर्गात जाऊन विचारलं. तास संपला की सर दार लोटून घ्यायचे आणि मी विचारायची, सत्र अकराला सुरू झालं तर कोण येऊ शकेल? पहिल्या वर्गात मागच्या बाकांवरचे काही हात वर झाले. पुढे बसलेल्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यातली एक उठली. तिचे वडील लूमवर मास्तर होते, कारागिरांवर देखरेख करणारे.

“मॅडम, अब्बा दोपहर को नहीं भेजेंगे. मी विचारणार पण नाही. विचारलं तर सकाळचं पण बंद होईल.”

बाकीच्या हसल्या, पण ते हसणं लगेच विरलं.

बैठकीच्या दिवशी ठाण्याच्या रस्त्यावर कशेळीला कंटेनर आडवा झाला होता. अध्यक्ष उशिरा आले, घाम पुसत बसले. विषय आला तेव्हा मी उभी राहिले. तिथे कुणी उभं राहून बोलत नसे, हे उभी राहिल्यावर लक्षात आलं. मुलींचं सांगितलं, रात्रपाळीच्या मुलांचं सांगितलं, मास्तरांच्या मुलीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. संस्थेच्या सचिवांनी विचारलं, “हे वर्गात जाऊन विचारायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मी प्रतिनिधी आहे.”

“एकट्याच गेला होतात?”

मी कोणाचं नाव न घेता पुन्हा मुलींच्या मुद्द्यावर आले. पण स्टाफरूममधल्या गोष्टी केबिनपर्यंत पोचायला आमच्याकडे वेळ लागत नाही.

अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, तुमचा बरोबर हाय. पन कॉलेजचा नाव मोठा करायचा तर नवीन कोर्स पायजेत. आपलीच पोरा ठाण्याला चाललीत.”

“साहेब, ती ठाण्याला जाऊ शकतात. या मुली स्टँडच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत.”

मी मतदान मागितलं. प्राचार्य म्हणाले, मताला टाकायची आपल्याकडे प्रथा नाही. मी म्हटलं, नियम आहे, सर. प्राचार्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग ठरावाच्या विरोधात हात वर करायला सांगितलं गेलं. सगळ्यात आधी विद्यार्थी प्रतिनिधीचा हात वर गेला. दुसऱ्या वर्षाची, सकाळच्याच सत्रातली मुलगी. हात असा ताठ, की बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मग माझा. मग टेबलाच्या काचेकडे बघत बसलेले दोघे शिक्षक, एकापाठोपाठ एक. माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. आणि शेवटी हेडक्लार्क, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी. त्यांनी हात कानाशी नेला, खाजवत असल्यासारखा, आणि तिथेच ठेवला. प्राचार्यांनी तो मोजावा की नाही याचा विचार केला आणि मोजला.

विरोधात सहा, बाजूने पाच. एका मताने ठराव फेटाळला गेला.

“बरा. लिवा,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी वड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

बाहेर सर जिन्यात उभे होते. मी सांगितलं तेव्हा ते मटकन पायरीवरच बसले आणि हसायला लागले. त्या विद्यार्थी प्रतिनिधीने मला मिठी मारली. मुलींनी दुसऱ्या दिवशी वर्गात पेढे वाटले.

परीक्षा संपल्या आणि फलकावर सूचना लागली. संस्थेच्या निर्णयानुसार येत्या वर्षापासून महाविद्यालय एकाच सत्रात, अकरा वाजता भरेल.

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, समितीचं काम शिफारस करण्याचं, निर्णय संस्थेचा. मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. गोदामाच्या वरच्या मजल्यावर, खाली ट्रक भरले जात होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

“साहेब, मतदान झालं होतं.”

“झाला व्हता ना. मी कुठं न्हाय म्हनतो? त्या पोरीनी हात वर केला, मला बरा वाटला.”

“मग समिती कशाला आहे?”

ते चिडले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “कायदा हाय म्हनून हाय, मॅडम. तुमी बोललात, आमी आयकला. अजून काय पायजे?”

मी खाली आले. ट्रकच्या रांगेतून रिक्षा शोधताना मला रडू आलं, आणि रडताना कोणी विद्यार्थी बघेल म्हणून ओढणी तोंडाशी धरली.

विद्यापीठाला अर्ज केला. सहीला शिक्षकांकडे गेले तेव्हा बहुतेकांनी तो मन लावून वाचला आणि परत दिला. उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. अजूनही असेल.

सरांना कोणी काढलं नाही. जूनमध्ये फक्त बोलावलं नाही. मी प्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, कार्यभार कमी झालाय, सकाळचे तासच उरले नाहीत. ते खरंच होतं. सरांना मी फोन करून म्हटलं, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही माझं नावही घेतलं नव्हतं. तुमच्यामुळे कसं?” आता ते एका क्लासमध्ये बारावीला शिकवतात. लूमवरची मुलं त्या क्लासला येत नाहीत.

अकराच्या सत्राला सकाळच्या काही मुली आल्या. दिवाळीपर्यंत त्याही गळाल्या. आमच्या वर्गांमध्ये सकाळी आता नव्या कोर्सची मुलं बसतात. चांगली मुलं आहेत, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. समितीची मुदत संपल्यावर पुन्हा निवडणूक लागली. माझ्यासमोर कोणी अर्ज भरला नाही. बिनविरोध निवडून आल्याबद्दल प्राचार्यांनी पुष्पगुच्छ दिला.

त्याच आठवड्यात मी टेमघरला त्या विद्यार्थी प्रतिनिधीच्या घरी गेले. तिसरं वर्ष तिने केलंच नव्हतं. लग्न ठरलं होतं. आईने चहा ठेवला आणि आतून म्हणाली, “पोरगी हुशार व्हती, मॅडम. पन दुपारचा आमाला जमत न्हाय.” मुलगी समोर बसून शेंगा सोलत होती. मी बाहेरून परीक्षा देण्याबद्दल बोलले. ती हो म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं. मग तिने मान वर करून विचारलं,

“मॅडम, त्या दिवशी आपण जिंकलो होतो ना?”

“हो,” मी म्हटलं. “जिंकलो होतो.”

तिने मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.