पुढच्या ब्रेकवरचा हात

मी भुताखेतांवाली बाई नाही, हे आधीच सांगते. कुकटपल्लीच्या बाजूला पंप बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी क्वालिटी बघते. बिघडलेला माल माझ्या टेबलावर येतो आणि तो का बिघडला हे मला शोधून काढायचं असतं. "मॅडम, आपोआप झालं" असं कुणी म्हणालं की मी त्याला परत मशीनपाशी घेऊन जाते आणि म्हणते, दाखव कसं आपोआप होतं ते. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी हसलेली आहे. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसल्यावर मला घाम फुटायच्या ऐवजी राग येतोय... खूप राग येतोय. आणि हो, आमचं मराठी हैदराबादचं. मध्येच काही वेगळं वाटलं तर सांभाळून घ्या.

गाडी माझ्या वडिलांची, अप्पांची. अप्पा वकील होते. घर गौलीगुड्यात, ऑफिस आबिड्सला. साडेतीनशे सीसीची काळी मोटरसायकल, वयाने माझ्याहून मोठी. कंपनीचं नाव घेत नाही, गाडीचा यात काही दोष नाही. अप्पा गेल्यावर ती साहजिकच (हा 'साहजिकच' सुद्धा मला डाचतो) माझ्या भावाकडे गेली. विनूदादाने ती कुकटपल्लीच्या त्याच्या अपार्टमेंटच्या सेलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये, कव्हर घालून उभी केली आणि कधी चालवली नाही. मागच्या वर्षी मी मागितली. दादा म्हणाला, "ने. पण काही बदलू नकोस मंजू. ओरिजिनल गाडी आहे."

मी काही महिने चालवली. इंजिन सुरेख, पण मोकळ्या रस्त्यावर गाडी ओढत नव्हती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी जड. जुनी आहे, चालायचंच, असं मी धरून चालले. खरी पंचाईत थांबताना व्हायची. त्या काळातला पुढचा ब्रेक म्हणजे नावापुरता. ड्रममध्ये आतून घासणारे दोन शू, त्यातला एकच काय तो जोर लावणार. लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी गाडी आपली आरामात पुढे. एकदा चादरघाटजवळ समोर सिटी बस अचानक थांबली आणि मी तिच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबले. त्या दिवशी ठरवलं, ओरिजिनल गेलं खड्ड्यात. पुढचा ब्रेक बदलायचा.

गौलीगुड्यात बस स्टँडच्या मागे सलीमभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी मोठा ड्रम सुचवला, दोन्ही शू एकदम जोर लावतात असा. जुनं चाक उघडलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. शू जळून काळे पडलेले, ड्रमला आतून निळसर झाक आलेली.

"मॅडम, आप ब्रेक पकड के च चलाते क्या हमेशा?"

"नाही हो. मी तर पुढच्या ब्रेकला फारसा हातच लावत नाही. लागतोच कुठे तो?"

"तो फिर ये जला कैसा?"

मी म्हटलं, आधीच्या माणसाने जाळला असेल. विषय संपला.

नवा ड्रम, नवे शू, नवी केबल, नवी स्प्रिंग. मी स्वतः समोर स्टूल टाकून बसले होते. चाक उचलून हाताने फिरवलं, एकदम मोकळं. लिव्हर दोन बोटांनी दाबली की जागच्या जागी बंद. मी खूष. गाडी घेऊन आबिड्सकडे निघाले. सकाळची वेळ, जीपीओचा चौक ओलांडल्यावर रस्ता जरा मोकळा मिळाला, मी थ्रॉटल दिला...

आणि ब्रेकची लिव्हर आत गेली.

माझी बोटं थ्रॉटलवर होती, लिव्हरवर नव्हती. मी ती आत जाताना बघितली. सावकाश नाही, कुणीतरी गच्च मूठ आवळावी तशी. त्याच वेळी माझ्या हाताच्या पाठीवर वजन आलं. कोरडं, गरम वजन. पुढचं चाक थांबलं, मागचं उचललं गेलं, आणि मी पडले नाही ते निव्वळ नशीब. मागची ऑटो शिव्या देत बाजूने गेली. मी थ्रॉटल सोडला तशी लिव्हर आपली बाहेर, जणू काही झालंच नाही.

मी तशीच उलटी फिरले आणि सलीमभाईंवर तुटून पडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, गाडी घेतली, कोठीच्या चौकापर्यंत जाऊन आले. "क्या बी नै हुआ मॅडम." परत गेले, परत तेच. मी स्वतः केबल काढली, लिव्हरची पिन काढली, स्प्रिंग ताणून बघितली. लिव्हर आत जायची तर तिला बाहेरून कुणीतरी दाबलंच पाहिजे, एवढी साधी ती रचना. मी परत बसले. गल्लीच्या तोंडाशी थ्रॉटल वाढवला की गच्च! सलीमभाई बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आप का हाथ तो हिल्या च नै." मग त्यांनी पाने-हत्यारं गोळा करायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

घरी हळू चालवत आणली. हळू चालवली की काही होत नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. पण मी इंजिनियर ना! मी ड्रमच्या गरमीचा, केबलच्या वळणाचा विचार करत बसले.

मी दुरुस्त करेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं ऋचाला बजावलं होतं. ऋचा माझी मुलगी, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि ऐकायचं नाही यात माझ्यावर गेलेली. शनिवारी मी कामावर असताना तिने गाडी काढली, कॉलनीतल्याच रस्त्यावर. मला शेजाऱ्यांचा फोन आला.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये ती पांढरीफटक पडून होती. मी रागावायच्या तयारीने आत गेले आणि ती म्हणाली, "आई, मी ब्रेक नाही मारला गं. प्रॉमिस. मी जरा स्पीड घेतला तर कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवला. मागून. मोठा हात होता... आणि दाबला."

मी खुर्चीवर बसले.

कारण तो हात मला माहीत होता. ऋचाला मी हे कधीही सांगितलेलं नव्हतं. तिच्या बापालाही नाही.

मी कॉलेजात असताना अप्पांनी मला हीच गाडी शिकवली होती, नुमाइश मैदानावर. लोक कौतुक करायचे, वकीलसाहेब मुलीला गाडी शिकवतात, काय पुढारलेले! अप्पा मागे बसायचे आणि पुढे वाकून आपला उजवा हात माझ्या हातावर ठेवायचे. मी जरा थ्रॉटल दिला की माझ्या बोटांसकट ब्रेक दाबायचे. "हळू. हळू म्हटलं ना." दर वेळी. त्या गाडीवर मी एकटी कधी बसलेच नाही. पुढे मला पुण्यात नोकरी लागली, खूप चांगली. मी बॅग भरत होते आणि अप्पांनी आपणहून त्या लोकांना फोन केला, मुलगी येणार नाही म्हणून. मला संध्याकाळी सांगितलं, जेवताना, वरण वाढून घेताना. ओरडले नाहीत, काही नाही. अप्पा कधीच ओरडत नसत. नुसता हात ठेवायचे.

आणि आता कळलं की ते सगळे महिने गाडी जड का होती. ते शू कुणी जाळले. जुना ब्रेक लागतच नव्हता, म्हणून मला पत्ता लागला नाही. मी चांगला ब्रेक बसवला आणि हात होताच तिथे.

विनूदादा हॉस्पिटलमध्ये आला तो कॉरिडॉरमध्येच सुरू झाला. "सांगितलं होतं ना बदलू नकोस? गाडीची वाट लावलीस, पोरीचं हाड मोडलंस."

"मी नाही मोडलं. अप्पांनी मोडलं."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. "मेलेल्या माणसाला तरी सोड मंजू," म्हणाला आणि चहा आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही.

रविवारी सकाळी ऋचाजवळ शेजारच्या काकूंना बसवलं आणि मी गाडी काढली. हँडल थोडं वाकलं होतं, बाकी गाडी ठीक. भीती नव्हती हो. मला अंगारा, लिंबू, मिरची काही सुचलं नाही. माझ्या पोरीला पाडलं, एवढंच डोक्यात होतं. मला थांबवलंत ते थांबवलंत, तिच्या हातावर हात ठेवायचा काय संबंध?

नेकलेस रोडला सकाळी फिरायला येणारे, सायकलवाले, इडलीच्या गाड्या... सगळ्यांच्या देखत मी दुसरा गिअर टाकला आणि थ्रॉटल दिला. वजन आलं. लिव्हर आत निघाली. या वेळी मी थ्रॉटल सोडला नाही. दोन बोटं लिव्हरच्या आत घातली आणि उलटी बाहेर ढकलायला लागले. गाडी थरथर कापत पुढे सरकत होती, चाकातून धूर, जळक्या ब्रेकचा वास. बोटांची कातडी सोलत होती.

"अप्पा, हात काढा," मी म्हटलं. "अप्पा, तुम्ही हात काढा."

वजन वाढलं.

आमच्या घरात वडिलांना अहो-जाहो. आयुष्यात मी त्यांना कधी एकेरीत बोलले नाही. पुण्याच्या फोनच्या दिवशीसुद्धा 'तुम्ही असं का केलंत' असंच विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर न देता ताक मागितलं होतं. त्या सकाळी माझ्या तोंडून निघालं ते असं — "काढ! काढ हात! कोण रे तू मला थांबवणारा? माझ्या पोरीला परत हात लावलास तर याद राख!"

इडलीवाला पळी हातात धरून बघत राहिला होता. एक आजोबा फूटपाथवरून खाली उतरले, "एमैंदम्मा?" म्हणत, काय झालं बाई म्हणून.

लिव्हर सुटली. इतकी एकदम की गाडी उडी मारून पुढे गेली आणि मी ती सावरत सरळ संजीवय्या पार्कपर्यंत नेली. हात हलका होता. गाडी इतकी हलकी मी कधीच चालवली नव्हती.

त्यानंतर काही झालेलं नाही. सलीमभाईंकडून शू पुन्हा बदलून घेतले. ऋचाचं हाड जुळलं आणि आता ती गाडी कॉलेजला नेते. मी खोदून खोदून विचारते, ती म्हणते, "नथिंग, आई. सोड ना."

लोक सांगतात, त्यांची माया होती, काळजी होती, माफ कर. नाही करत. माया असेल, मी नाही म्हणत नाही. पण हाड मोडणारी माया मला नको.

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. केबल, स्प्रिंग, पिन, सगळं मी तपासलंय, आणि माझ्या टेबलावर आलेल्या मालात 'कारण सापडले नाही' असा शेरा मी आजवर कधी मारलेला नाही. इथे मारते.

एक राहिलं. विनूदादा महिनाभर बोलत नव्हता. मग एका रविवारी दारात आला. आत ये म्हटलं तर येईना.

"तुझ्या मागे बसायचे ना ते?" त्याने विचारलं. "मैदानावर?"

"हो. का?"

"मला नुसती चावी दिली होती. जा म्हणाले, फिरव. खाली बघायलासुद्धा आले नाहीत. माझ्या मागे ते कधी बसलेच नाहीत मंजू."

त्याने हात पुढे केला, मी चावी दिली. तासाभराने तो परत आला, केस उडालेले, डोळे लाल. वाऱ्याने असतील.

तेव्हापासून दर रविवारी येतो. गाडी नेतो, जोरात चालवतो, ऋचा सांगते की तिने त्याला पाहिलंय, वेड्यासारखी पळवतो. परत आला की चावी टेबलावर ठेवतो. मान हलवून म्हणतो, "आजही नाही," आणि चहा न घेता जातो.