टोग्याचा एक धागा

सूड हा शब्द वापरायला मला संकोच वाटतो. पण जे केलं ते सूडासाठीच केलं, हे आधी सांगून टाकते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या सरांनी रोममधल्या गुलामांवर निबंध लिहायला सांगितला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ग्रंथालयात पुस्तक कसं मागायचं हे मला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. म्हणून मी मोबाईलवर हिंदीत डब केलेली रोमवरची एक मालिका पाहिली, सगळेच्या सगळे भाग, आणि त्यावरूनच लिहिलं. मालिकेत गुलाम बायका मागावर कापड विणायच्या. त्यांच्या अंगावर पांढरेशुभ्र, चकाकणारे झगे असायचे. मी लिहिलं की रोममध्ये विणकर गुलामांना चांगले कपडे मिळत. शेवटी माझ्या मनचं एक वाक्य घातलं: माझे वडील गोडादऱ्यात लूमवर बारा तास उभे असतात, त्यांचा शर्ट असा कधी दिसत नाही.

सरांनी निबंध भर वर्गात वाचून दाखवला. ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत गुजरातीत म्हणाले, "बेन, आ रोम छे के लिंबायत?"

ताई, हे रोम आहे की लिंबायत, म्हणजे गोडादऱ्याला लागून असलेला आमचा लूमवाल्यांचा भाग. वर्ग हसला. मालिका बघणाऱ्यांनी इतिहास लिहू नये, असंही ते म्हणाले. तिथे चूक माझीच होती, ते मला तेव्हाही पटलं. पण माझ्या वडिलांच्या शर्टावर कुणी हसावं, एवढी मोठी ती चूक नव्हती. पुढे कितीतरी दिवस मुली मला रोमवाली म्हणून हाक मारत होत्या. मी हसून ओ द्यायचे आणि आतून जळायचे.

त्या रागातच ग्रंथालयात गेले. लाज वाटत होती, तरी पुस्तक मागितलं. रोमन लोकांच्या कपड्यांवरचं प्रकरण इतक्या वेळा वाचलं की पानं पाठ झाली. टोगा, म्हणजे रोमन पुरुष अंगाभोवती गुंडाळत ते लांब वस्त्र, लोकरीचा असायचा, जड असायचा, नीट नेसायला दुसऱ्याची मदत लागायची.

पप्पांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना ती मालिका दाखवली. सरांचं काही सांगितलं नाही. पप्पांनी राजवाडा पाहिला नाही, लढाई पाहिली नाही. एका सरदाराच्या खांद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "थांबव. हे पॉलिस्टर आहे."

मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले की चमक बघ, आणि थानाच्या, म्हणजे ताग्याच्या, घडीची रेघ बघ, इस्त्रीनेही गेली नाही. नुसत्या डोळ्यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही, धागा जाळायचा. सुती असला तर राख होते, लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर असलं तर वितळून काळी गाठ होते. त्यांनी माझ्या ओढणीचा धागा काढून ती गाठ करून दाखवली.

थंडीत वार्षिक समारंभ आला. सरांनी रोमच्या सभेचा प्रवेश बसवला. भाड्याने आणलेला टोगा ते स्वतः अंगावर घेऊन वर्गात मुलांना दाखवत होते. अगदी लोकरीचा, त्या काळी असायचा तसाच, असं म्हणाले. हुबेहूब कसा, तर त्यांनी एका मालिकेचं नाव घेतलं. तीच मालिका.

मी उभी राहिले. विचारलं, "सर, काठाचा एक धागा काढू?"

त्यांची स्वारी खुशीत होती. काढ म्हणाले. दीपप्रज्वलनासाठी आणलेली काडेपेटी टेबलावर होती. मी धागा काढला, काडी ओढून त्याला लावली आणि सगळ्यांना दिसेल असा हात वर धरला. काळा धूर निघाला, धागा आक्रसत गेला आणि टोकाला गाठ झाली.

"सर, हे पॉलिस्टर आहे," मी म्हणाले. "रोममध्ये नव्हतं. लिंबायतमध्ये विणतात."

मागच्या बाकावरून हसायला सुरुवात झाली आणि सगळा वर्ग हसला, तेव्हा हसला होता तसाच. सर बस म्हणाले. टोगा खांद्यावरून काढताना त्यांना त्याचं टोक सापडेना. कुणी मदतीला उठलं नाही. मीही उठले नाही, आणि मला फार बरं वाटत होतं.

घरी पप्पांना एवढंच सांगितलं की वर्गात धागा जाळून दाखवला.

"गाठ कडक आली?" त्यांनी विचारलं.

"कडक आली."

ते खूश झाले. कॉलेजात असंही शिकवतात का, म्हणाले. मी हो म्हटलं.

सर आता हजेरी घेताना माझ्या नावावर मान वर करत नाहीत. निबंध मी जपून ठेवला आहे. शेवटच्या वाक्याखाली त्यांची लाल रेघ आहे, आणि त्या रेघेवर टोग्याच्या धाग्याची ती काळी गाठ मी सेलोटेपने चिकटवली आहे.