दगड ठेवलेला पाला

आम्ही पहिल्यांदा त्या माळावर गेलो तेव्हा गावाने आम्हाला दलाल समजलं, यात गावाची काही चूक नव्हती. त्या वर्षांत नवीन पनवेलात दर तिसरा माणूस जमिनीचा दलाल होता आणि उरलेले दोघे होऊ पाहत होते. आम्ही सहा जण रविवारी सकाळी टोप्या घालून, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून उतारावर हिंडत होतो. मी तर वाकून माती हुंगत होतो. माती हुंगणारा दलाल गावाने पहिल्यांदाच पाहिला असावा. कुतूहल म्हणून का होईना, आम्हाला देवळाच्या मंडपात बसायला सांगितलं गेलं.

जागा विचुंब्यापासून बरीच आत, टेकडीच्या पायथ्याशी. पाचेक एकर, गावकीच्या मालकीची. म्हणजे सगळ्यांची, आणि म्हणूनच कोणी न बघितलेली. वर दगड, खाली मुरूम, मधे गुडघाभर गवत आणि गावाला नको झालेलं सगळं सामान.

मी नुकताच तीन दिवसांचं पर्माकल्चरचं शिबिर करून आलो होतो. नांगरायचं नाही, जाळायचं नाही, फवारायचं नाही. उतारावर चर खणून पाणी अडवायचं, झाडांच्या बुडाशी पाल्याचं जाड आच्छादन घालायचं आणि जमिनीला जंगलासारखं वागू द्यायचं. शिकून तीन दिवस झाले होते, पण शिकवायचा उत्साह तीस वर्षं पुरेल एवढा होता. घरी बायकोला म्हणालो, कुंडीतली माती अशी उघडी ठेवू नये, आच्छादन घाल. तिने शांतपणे माझ्या टकलाकडे पाहिलं आणि विचारलं, "वरून सुरुवात करूया का?"

या माळावर तेच करून फळझाडं लावू द्या, हे माझं म्हणणं गावकीच्या अध्यक्षांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जागा गावकीची ती गावकीचीच राहील. झाडं पण गावकीची. जे पिकेल ते घरटी वाटायचा. तुमी नि आमची मानसं मिलून काम करा. एक पावसाला बघू. लावणी उरकली की बैठक घेऊ, तवा सांगू, ठेवायचा का हाकलायचा."

हाकलायचं कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं.

स्वस्थता म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. ऑफिसात टेबलाशी बसून मी चरांचे नकाशे काढायचो. पहिला चर मी नजरेच्या अंदाजाने खणायला लावला. त्यात बादली ओतून पाहिली तेव्हा पाणी अडायचं सोडून थेट देवळाच्या रस्त्याकडे निघालं. आमच्यात कामाचा माणूस एकच, पनवेलच्या मोहल्ल्यातले चाचा. आखातात बरीच वर्षं पाइपलाइनीच्या कामावर काढून परतलेले. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, दोन टोकांना दोन काठ्या धरायला लावल्या आणि पातळी काढून दिली. म्हणाले, "मियाँ, पाणी तुमची भाषणं ऐकत नाही. त्याला फक्त उतार समजतो."

भाषणं मी देतच होतो. होळीच्या आधी मंडपात एक दिलं, राबावर. आमच्या भागात भाताची रोपं करायची तो तुकडा पेरणीआधी भाजतात. सुकं शेण, वर झाडपाला, वर गवत, वर माती, असे थर लावून उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. तोच राब. तण मरतं, रोप जोरदार येतं. मी उभा राहून सांगितलं की पाला जाळणं म्हणजे जमिनीच्या अंगावरचं पांघरूण जाळणं. फार छान बोललो. मागे बायकांत बसलेल्या एक काकी म्हणाल्या, "मास्तर, मंग भात काय पांघरुनात घालून वाडाचा?" मंडप हसला. मास्तर हे नाव मला तिथेच चिकटलं. मी आयुष्यात एकाही शाळेत शिकवलेलं नाही.

एप्रिलात खड्डे झाले, रोपं लागली. शेवगा, सीताफळ, फणस, हादगा. आणि ऊन असं पडायला लागलं की रविवारी लावलेलं रोप पुढच्या रविवारी काडी होऊन भेटायचं. आच्छादन हवं होतं, माळावरचं गवत गुरांनी संपवलेलं, आणि पाला आणायचा कुठून? त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती, जेवताना ताटातला पालकही मी आच्छादनाच्या नजरेने पाहायला लागलो होतो.

पुढच्या रविवारी चाचा एका लग्नाला गेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ते असते तर पुढचं घडलं नसतं. माळाच्या खालच्या कडेला, बांधाला लागून, मला पाल्याचे ढीग दिसले. सात-आठ. सुकलेला, कुरकुरीत, उत्तम पाला. शेजारी सुक्या शेणाची रास. मी अक्षरशः हात जोडले. बरोबरच्यांना म्हणालो, "बघा, निसर्गाला हाक मारली की तो देतो."

प्रत्येक ढिगावर दोन-तीन दगड ठेवलेले होते. निसर्ग पाल्यावर दगड ठेवत नाही, एवढं तरी पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कळायला हवं होतं. आम्ही दगड बाजूला केले, घमेली भरभरून सगळा पाला रोपांच्या बुडाशी पसरला, शेण कालवून त्याचं गुळाबरोबर पाणी केलं आणि त्यावर शिंपडलं. दुपारपर्यंत माळ असा दिसायला लागला की मी चार दिशांनी फोटो काढले. घरी येऊन बायकोला दाखवले. ती म्हणाली, "छान आहे. कोणाचा पाला?" मी म्हणालो, "कोणाचा म्हणजे? झाडांचा."

पुढच्या रविवारी माळावर पोचलो तर काकी बांधावर उभ्या होत्या. त्याच, पांघरुणवाल्या. हातात कोयता, डोक्यावर चुंबळ.

"मास्तर, माजा राब कुटं हाय?"

त्यांच्या नजरेमागे माझी नजर गेली. बांधाला लागून त्यांचं खाचर, त्यात रोपांसाठी राखलेला तुकडा, आणि त्याच्या वरच्या अंगाला, गावकीच्या कडेवर, त्या आणि त्यांची सून माघापासून पाला गोळा करून ठेवत होत्या. रोज एक भारा. वाऱ्याने उडू नये म्हणून दगड.

"काकी, तो... मी आच्छादन..."

"तुमी बोलला व्हता जालू नका. आमी आयकला नाय. म्हनून चोरलाव?"

चोरी म्हटल्यावर मला जेवढा घाम फुटला त्यापेक्षा जास्त तो "म्हनून" ऐकून फुटला. त्यांना वाटत होतं मी हे मुद्दाम केलं. भाषणाने जमलं नाही ते घमेल्याने केलं.

मी धावत जाऊन एका रोपाच्या बुडाचा पाला उपसायला लागलो. गुळाच्या पाण्याने तो भिजून काळा पडला होता, खालून वाळवी लागली होती. शिबिरात याला यश म्हणतात. काकींनी मूठभर उचलून हुंगला आणि टाकला. "ह्यो आता पेटनार नाय. मे लागला, मास्तर. पाऊस काय तुमच्यासाटी थांबंल? राब नाय तर रोप नाय, रोप नाय तर लावू काय? तुमचा फनस?"

काकींच्या घराचं भात पिकवणारं ते एकच खाचर होतं. मुलगा तळोज्याला कंपनीत, पण तांदूळ विकत आणणं काकींना मान्य नव्हतं. विकतचा तांदूळ आजाऱ्याने खायचा असतो, असं त्या म्हणत.

संध्याकाळी अध्यक्षांनी मला ओट्यावर बसवलं. चाचा शेजारी, पान चघळत. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, येक सांगा. तत्त्वासाठी केलाव का चुकून? तत्त्वासाठी केला असाल तर बोला, गावात भांडन व्हईल, पन मानसाला किंमत तरी राहील."

खरं सांगतो, मला मोह झाला. तत्त्वनिष्ठ माणूस म्हणून हाकललं जाणं आणि बावळट म्हणून ठेवून घेतलं जाणं, यातलं पहिलं फार आकर्षक वाटत होतं. मी तोंड उघडलंही. चाचांनी पिंक टाकली आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, तत्त्व कसलं? ह्यांना दगड दिसले नाहीत. खुदा कसम, ह्यांना बांध पण दिसत नाही, दोनदा पडलेत."

"चुकून," मी म्हणालो. "आणि राब मी भरून देतो."

मग सुरू झाले ते तीन आठवडे. मृगाच्या आत एका खाचराचा राब. मी आणि चाचा सकाळी सेक्टरांतून पोती घेऊन फिरायला लागलो. नवीन पनवेलच्या रस्त्यांवर किती पाला पडतो हे मी तिथे इतकी वर्षं राहून पाहिलं नव्हतं. झाडूवाल्या मावश्यांनी ढीग करायचे आणि कचऱ्याच्या गाडीआधी आम्ही पोचायचं. एका सोसायटीचा वॉचमन शिट्टी फुंकत धावला. "साहेब, काय चोरताय?"

"पाला."

त्याने पोत्यात डोकावलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत हळू आवाजात चाचांना विचारलं, "घरी कोणी नाही का यांच्या?"

ऑफिसात मीटिंग चालू असताना मी खिडकीतून बदामाचं झाड बघत बसायचो. पान गळलं की ते मनातल्या मनात पोत्यात भरायचो. पूर्वी पाऊस लवकर यावा म्हणून बोंब मारणारा मी, आता दिवसातून पाच वेळा ढगांना माघारी जा म्हणत होतो. चाचांनी एका तबेल्यातून सुकं शेण मिळवलं, पुतण्याचा टेम्पो आणला. तीन खेपा झाल्या.

काकींनी पहिलं पोतं खाचरात उपडं केलं आणि कोयत्याच्या टोकाने ढवळलं. गुटख्याच्या पुड्या निघाल्या, एक चप्पल निघाली, बॅडमिंटनचं फूल निघालं. ते फूल त्यांनी दोन बोटांत धरून सुनेला दाखवलं. "मास्तरांचे कडं ह्या पन झाडाला लागतंय."

मग आम्ही, म्हणजे मी, चाचा आणि उरलेले शहाणे, उन्हात बसून तीन खेपांचा पाला निवडला. बायका तांदूळ निवडतात तसा. काकींनी थर कसे लावायचे ते सांगितलं, दोनदा मोडून परत लावायला लावले. सगळं झाल्यावर त्यांनी वाऱ्याकडे पाहिलं आणि काडेपेटी माझ्या हातात दिली.

"काकी, तुम्हीच..."

"पेटवा, मास्तर. पांघरून हाय ना तुमचा."

माळाच्या तोंडाशी 'येथे काहीही जाळू नये' ही माझ्याच अक्षरातली पाटी होती. वारा सरळ त्या पाटीकडे वाहत होता. दोन काड्या वाया गेल्या. तिसरीला धरलं, आणि धूर सरळ पाटीवर गेला.

पाऊस आठ दिवसांनी आला. मी त्या जूनमध्ये माझ्या फणसांपेक्षा काकींच्या वाफ्याकडे जास्त वेळा गेलो. कोंब दिसायच्या आधीच तीनदा जाऊन आलो, काकी म्हणाल्या, "बघून बघून उगवत नाय ते." एका कोपऱ्यात रोप पिवळट आलं, तिथे गुलमोहोराचा पाला जास्त पडला होता, असं त्यांचं मत. बाकी हिरवं आलं. लावणीला पुरलं, मूठभर उरलंसुद्धा.

लावणी उरकल्यावर बैठक झाली. मी शर्टाला इस्त्री करून गेलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, माळावर जगलंय काय? चाचांनी खरं ते सांगितलं: बहुतेक रोपं मेली, जगली ती खालच्या अंगाची, जिथे त्या रविवारी पाला पसरला होता तेवढीच. मला वाटलं, संपलं.

मागून काकी उठल्या. "म्हंजे माज्या पाल्यावर जगली."

"हो," मी म्हणालो.

"मंग तो शेवगा माजा."

"काकी, झाडं गावकीची..."

"पाला काय गावकीने येचला?"

मागे आणखी एक बाई उठली. तिची गुरं त्या माळावर चरायची, म्हणजे शेण तिचं, म्हणजे हादग्यावर तिचा हक्क. मग एक म्हातारा, खालच्या चराची दगडी पाळ त्याने रचली होती. पाऊण तास मंडपात असं भांडण झालं की आमच्याकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. ज्या माळाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्या एकेका काडीला मालक फुटत होते. हाकलायचं का ठेवायचं हा प्रश्न विचारायचाच राहून गेला. अध्यक्षांनी शेवटी हात वर करून सांगितलं की फळ घरटीच वाटायचं, बांधाची कड राबासाठी मोकळी सोडायची, आणि काकींचा राब दरवर्षी मास्तरांनी भरायचा.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"शेवगा हाय तवर," काकी म्हणाल्या, आणि जाता जाता वळून, "पुढल्या टायमाला बदामाचाच आना. गुलमोराचा नुसता भुस्सा."