डाव्या कानासाठी ॲम्प

आमच्या घरात जेवताना माझी जागा ठरलेली होती. सतरंजीच्या अगदी टोकाला, भिंतीला लागून. डावीकडे भिंत आणि उजवीकडे सगळं घर. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ती जागा मला नेमून दिली, आणि अगदी मायेनं दिली. माझा डावा कान मंद आहे हे त्यांना सोयरीक जुळतानाच सांगितलं होतं. "हितं बस, म्हंजी समदी तुज्या उजव्या अंगाला येतील," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पुढे पुढे मात्र त्या भिंतीचा राग यायला लागला.

कान लहानपणी फुटला. माहेर सांगोल्याकडचं, पू यायचा, आई कापूस घालायची, कधीतरी वाहायचं थांबलं आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की तो कान गेला. तिथून पुढे जग माझ्या उजवीकडे सरकलं. शाळेत डाव्या कोपऱ्यातला बाक, एसटीत डावीकडची खिडकी, फोटोत टोकाला उभी. नवरा रस्त्यानं चालताना न सांगता माझ्या उजव्या बाजूला येतो. ऑफिसात सात रस्ता चौकाकडे तोंड केलेल्या खिडकीशी माझं टेबल आहे, तेसुद्धा डाव्या कडेला. सगळे चांगलेच वागत होते. त्या चांगुलपणानंच मला कोपऱ्यात नेऊन बसवलं होतं.

मध्यंतरी कान दुखायला लागला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला बंद खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकवले आणि कागदावरची रेघ बघत म्हणाले, "गेलाय कुठं? मंद आहे. पडदा जाड झालाय, पण आतलं सगळं शाबूत आहे. आवाज जोरात पोचला की ऐकेल." मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. इतकी वर्षं एक जिवंत कान मी मेलेला म्हणून वागवत होते आणि कुणाला साधी चौकशी करावीशी वाटली नव्हती.

कानातलं मशीन लावून पाहिलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं कान परत वाहायला लागला आणि डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. कानात काही कोंबायचं नाही, हवा खेळू दे, म्हणाले. मी विचारलं, मग गाणी? त्यावर ते हसले आणि म्हणाले की बाहेरून कानावर बसणारे, मागून उघडे असलेले हेडफोन मिळतात, ते वापरा. मोठा आवाज फक्त डाव्याला द्या, उजव्याला त्रास नको. ती गोष्ट मी धरून ठेवली. मला आयुष्यात एकदा तरी एक गाणं दोन्ही कानांनी ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

सात रस्त्याच्या दुकानात ओपन-बॅक हेडफोन म्हटल्यावर तिथल्या पोरसवदा विक्रेत्यानं मला कानात खोचायच्या बिनवायरच्या गोळ्या दाखवल्या. नको म्हटलं तर त्याच गोळ्या पांढऱ्या रंगात दाखवल्या. शेवटी ऑनलाइन मागवले. मोठ्या दोन वाट्या, वर मखमल आणि मागे धातूची जाळी. सासूबाईंनी जाळीला बोट लावून पाहिलं. "आगं, ह्ये तर कूलरसारकं हाय. पानी कुटं घालायचं?"

पण मी फोनला जोडून लावले तर गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं. असे हेडफोन हट्टी असतात, फोनच्या जोरावर वाजत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. फोनमध्ये आवाज डावीकडे-उजवीकडे झुकवायची सोय सापडली, ती डावीकडे नेली तर उजवा कान बंद पडला आणि डाव्यात नुसती कुजबुज. मग लॅपटॉप घेतला. त्याला चार्जर लावला की हेडफोनमध्ये चर्रर्र असा आवाज, जणू कुणीतरी मागे कांदा परततंय. शेवटी नवऱ्याचा जुना सीडी प्लेयर माळ्यावरून काढला, पुसला आणि तो मात्र मुकाट, स्वच्छ वाजला. गाणं कुठून घ्यायचं हा प्रश्न मिटला. आता त्या गाण्यामागे जोर लावणारा ॲम्प हवा होता.

माझ्या धाकट्या दिरांचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. मोहोळ रोडला गोडाऊन, लग्नसराईत श्वास घ्यायला सवड नाही. ॲम्पचं नाव काढल्याबरोबर ते आपल्या दोन माणसांच्या खांद्यावर एक लोखंडी पेटी घेऊन आले आणि त्यांनी ती बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आदळली. टेबल कुरकुरलं.

"वैनी, लई वॅट हायत ह्याच्यात. समदी गल्ली हलंल."

"मला गल्ली न्हाय हलवायची, भावजी. मला एक कान हलवायचाय."

पेटी चालू केली. आतला पंखा घोंघावायला लागला आणि हेडफोनमध्ये घुंऽऽ असा एकसुरी आवाज भरला. मंडपात वाजणाऱ्या स्पीकरच्या खोक्यांतून ती घुंघुं कुणाला ऐकू येत नसेल, कानाला लावल्यावर गाण्याच्या आधी तीच येते. मला जोर हवा होता, पण त्या जोराच्या पाठी शांतता हवी होती. भावजींना ते पटलं नाही. वजन उचललं की ते ॲम्पची लायकी सांगतात.

इंटरनेटवर हेडफोनवाल्यांचा एक गट सापडला. तिथले लोक वायरीच्या तांब्यावर तावातावानं बोलायचे. मी विचारलं, डावा-उजवा आवाज कमीजास्त करायचा नॉब असलेला ॲम्प कुठला चांगला? लगेच शिकवणी सुरू झाली. बॅलन्सचा नॉब म्हणजे जुनाट प्रकार, त्यानं आवाज गढूळ होतो, खऱ्या ऐकणाऱ्यानं मध्ये असलं काही न घालता आवाज सरळ येऊ द्यावा, वगैरे. एकानं तर लिहिलं की कानातच फरक असेल तर महाग वस्तू घेऊन उपयोग काय. मी उत्तर लिहिलं: तुमचा शुद्ध आवाज दोन्ही कान धड असलेल्यांसाठी शुद्ध आहे, माझ्याकडे तो अर्धाच पोचतो. मग गट सोडला. लिहिलं ते बरंच झालं.

त्यानंतर भावजी एका दुपारी खिशातून एक छोटी वायर काढून हसत आले. स्वतः तारा झाळून जोडून आणली होती. सीडी प्लेयर आणि हेडफोन यांच्यामध्ये ती लावली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्हीकडे सारखाच जात होता.

"आता बगा वैनी. तुमच्या चांगल्या कानात समदं येतंय. डाव्याचं काई बी सुटत न्हाय."

मी ऐकलं. खरंच, सगळं उजव्या कानात आलं होतं. बाजाची पेटी, तबला, गाणारी बाई, सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. भावजींच्या धंद्यात हीच रीत आहे. मंडपात दोन्ही बाजूंच्या खोक्यांना एकच आवाज द्यायचा, म्हणजे कुठंही बसलेल्याला गाणं पुरं मिळतं. त्यांनी तीच रीत माझ्या डोक्याला लावली होती, आणि तीही प्रेमानं. मला एकदम ती सतरंजी आठवली, ती भिंत आठवली. मी वायर उपसून काढली.

"का वो? चांगलं वाजतंय की."

"उजव्याकडं सरकवून झालं समदं. आता गाणं बी सरकवता व्हय?"

भावजींचं तोंड पडलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "आमच्यात डावं-उजवं नसतं वैनी. डाव्या अंगाला बसलेल्या पावण्यानं काय पाप केलंय? त्याला बी समदं मिळाया पायजे."

"त्येच म्हंतीय मी. माज्या डाव्या कानानं काय पाप केलंय?"

ते वायर बोटाभोवती गुंडाळायला लागले. सासूबाई आतून म्हणाल्या, "उजवा धडधाकट हाय की तुजा. कशाला डोस्क्याला ताप?" त्यांच्यावर रागावता येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं.

ॲम्प मीच शोधला. जुना, दुसऱ्याच्या हातचा, वहीएवढा. पुढे दोन नॉब: एक आवाजाचा, एक बॅलन्सचा. विकणाऱ्यानं फोनवर बिचकत सांगितलं, "बॅलन्सचा आहे हं, हल्ली कुणी घेत नाही." मी म्हटलं, तोच हवाय. बॅलन्स डावीकडे फिरवायचा, की उजवा आवाज खाली येतो. मग एकूण आवाज हळूहळू वाढवायचा. उजवा सोसेल तितकाच राहतो आणि डाव्याला भरपूर मिळतं. हे सगळं करायला ॲम्पमध्ये ताकद लागते, आणि याच्यात ती होती. गाणं लावायच्या आधी मी नुसता आवाज वाढवून पाहिला. घुंघुं नाही, खरखर नाही. नुसता खोलीतला कूलर ऐकू येत होता, तोही हेडफोनच्या जाळीतून, बाहेरचा.

रविवारची दुपार होती. मी एका गायिकेच्या मैफिलीची सीडी लावली, लग्नाच्या आधीपासून मला पाठ असलेली. सुरुवातीला बाई नेहमीप्रमाणे उजव्या कानाशी गात होती. मी नॉब केसाकेसानं फिरवत गेले. बाई सरकायला लागली. गालावरून, नाकाजवळून, आणि एका ठिकाणी येऊन ती कपाळाच्या बरोबर समोर थांबली. मी नॉबवरचा हात काढून घेतला. आणि मग डावीकडे, जिथं आयुष्यभर माझी भिंत होती तिथं, कुणीतरी पेटी वाजवत होतं. पेटी मला माहीत होती, पण ती नेहमी बाकीच्यांच्या गर्दीत असायची. आता ती स्वतःच्या जागेवर होती. बाई थांबली की तो माणूस तिचा सूर उचलून पुढे न्यायचा, भाता ओढल्याचा बारीक सुस्कारासुद्धा येत होता. मी घळाघळा रडले. आनंद होता आणि रागही होता. तो इतकी वर्षं तिथंच बसून वाजवत होता.

जाळीतून गाणं बाहेर झिरपत होतंच. सासूबाई दारात उभ्या होत्या. "आमाला बी ऐकू येतंय की ह्ये. मग डोक्यावर कशाला घेतलंस? आन रडतीस का?"

मी हेडफोन काढले. ते काढल्याबरोबर डावी बाजू पुन्हा बंद झाली, अगदी पूर्वीसारखी. कान बरा वगैरे काही झाला नव्हता. पण त्या बाजूला जागा आहे हे आता मला कळलं होतं, आणि ते विसरायची माझी तयारी नव्हती.

जेवणाची वेळ झाली. सतरंजी पडली, भाकरी आल्या. मी ताट घेऊन सतरंजीच्या मधोमध जाऊन बसले.

"आगं, तुजी जागा तिकडं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तितं भिंत हाय."

"भिंत कायमचीच हाय की."

"म्हनूनच."

नवरा सवयीनं माझ्या उजवीकडे येऊन बसला. भावजी ताट घेऊन उभे राहिले, उजवीकडे जागा दिसेना, तेव्हा समोर जायला वळले. मी डावीकडची सतरंजी थोपटली. "भावजी, हितं बसा."

"त्या कानात तुमाला ऐकू येत न्हाय वैनी."

"न्हाय आलं तर परत इचारीन. तुमी परत सांगा."

ते अवघडून बसले. दोन घास झाल्यावर काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी म्हटलं, काय? ते परत बोलले. परत कळलं नाही. सासूबाई भिंतीकडच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागल्या, नवरा मध्ये पडून सांगणार तेवढ्यात मी त्याला हातानं थांबवलं. "काय म्हंता, भावजी?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

भावजी माझ्या डाव्या कानाशी वाकले आणि मंडपातल्या आवाजात ओरडले, "शेंगाची चटनी द्या म्हंतोय!"

अख्खी पंगत हसली. मीही हसले. वाटी डावीकडे सरकवली आणि तिथंच बसून जेवले.