सतराच्या खालचा अठरा

माझी मुलगी मकावासी ज्या इमारतीत काम करते तिला खिडक्याच नाहीत. मोम्बासा रोडच्या कडेला गोदामांच्या रांगेत ती उभी आहे. आत हजारो यंत्रं आणि त्यांच्यासाठी राखलेली थंडी. नैरोबीत बाकीचे लोक जुलैच्या थंडीपुरते कोट बाहेर काढतात, ही बारा महिने घालते.

लहानपणापासून ती जरा जास्तच विचारून पाऊल टाकणारी. आमच्या प्लॉटवर, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या आवारात, पाण्याचा एकच मोठा नळ होता. दुरुस्तीसाठी तो बंद करायचा असला, की ही आधी प्रत्येक दार वाजवायची. "कोणाच्या डोक्याला साबण लागलाय का?" शेजारी हसायचे. मला मात्र धास्ती वाटायची, की इतकं विचारणाऱ्या मुलीचं नोकरीत कसं व्हायचं.

पदवी झाल्यावर दोन वर्षं तिला काम नव्हतं. मग लोकांच्या ऑफिसांत छतावर चढून वायरी ओढल्या. मग ही जागा मिळाली, तीही सहा-सहा महिन्यांच्या कराराची. या खेपेला तिचे साहेब, मुतिसो, म्हणाले होते, "विमा कंपनीचं काम नीट उरक, तुला कायम करायची शिफारस मी स्वतः करतो." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

काम मी तिच्याकडून समजून घेतलं. स्विच म्हणजे एक चपटं यंत्र. त्याच्या तोंडावर पोर्टच्या, म्हणजे केबल लावायच्या खाचांच्या, दोन ओळी असतात, एक वर, एक खाली. प्रत्येक पोर्टमधून माहितीचा लोंढा जातो. विमा कंपनीचे चार नवे सर्व्हर आले होते आणि प्रत्येकाला त्या लोंढ्याचा चौथा हिस्साच पुरे होता. म्हणून एक पोर्ट चौघांत वाटायचं. केबल एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला चार शेपट्यांची. स्विचला आज्ञेच्या चार ओळी लिहून सांगायचं, की हे पोर्ट आता एक नाही, चार आहेत.

"मग चार ओळी लिहून टाक," मी म्हणाले.

"आई, वरचं आणि खालचं पोर्ट जोडीचं असतं गं. वरच्याचे चार केले, की खालचं आपोआप बंद पडतं. या स्विचची रीतच तशी आहे. वरच्या ओळीत रिकामं फक्त सतरा आहे आणि त्याच्या खाली अठरामध्ये कोणाची तरी केबल आहे."

"कोणाची?"

"तेच तर कोणी सांगत नाही."

अठराचा ग्राहक कागदावर होता. कुठलीशी प्रसारण कंपनी. ईमेलला उत्तर नाही, फोन वाजून वाजून बंद. पोर्टवरचा दिवाही काळा. मुतिसो साहेब रोज स्विचसमोर उभे राहून तो काळा दिवा तिला दाखवायचे.

"मॅडम, हा मेलाय. सोमवारपासून बघतोय मी. तुला याची मयत पण करायचीय का?"

"सर, केबल आहे अजून. आधी अठरा दुसरीकडे हलवू, मग सतरा चौघांत फोडू."

"परवानगी सतराची आहे. अठराला हात लावायचा तर वेगळा अर्ज. तो मंगळवारच्या बैठकीत जाणार. मोठे साहेब दुबईला गेलेत, म्हणजे बैठकच नाही. विमावाल्यांना मी काय सांगू, आमच्या मकावासीला स्वप्नं पडतात?"

तिथली आणखी एक पद्धत अशी, की असले बदल फक्त रविवारी सकाळी करायचे. सगळं शहर चर्चमध्ये असतं, ऑफिसं बंद असतात, काही चुकलं तरी ओरडणारं कोणी नसतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. आणि परवानगीवर नाव असतं टाइप करणाऱ्याचं. म्हणजे हिचं.

त्या रविवारी मी एकटीच चर्चला गेले. ही न्जागीबरोबर त्या इमारतीत गेली. न्जागी तिच्याच बरोबरीचा, पण कायम झालेला. पुढचं सगळं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे.

न्जागी वाचायला लागला. मकावासीने पहिली ओळ टाइप केली आणि सवयीने मान वर करून बघितलं. अठराचा दिवा हिरवा होता. नुसता हिरवा नाही, भराभर लुकलुकत होता.

"न्जागी, हे बघ."

"आईशप्पथ. मेलेला उठला की."

तिने मुतिसो साहेबांना फोन लावला. ते माचाकोसला कोणाच्या तरी लग्नाची बोलणी करायला गेले होते. मागे बायकांची गाणी चालली होती.

"सर, अठरा चालू आहे. त्यातून काहीतरी जातंय, भरपूर."

"कालपर्यंत मेला होता ना?"

"आज चालू आहे."

"पोरी, तासाभरात आपली वेळ संपते. टाइप कर. कोणी ओरडलं तर उद्या बघू."

"तुम्ही तेवढं लिहून पाठवा सर, अठरा बंद पडलं तरी चालेल म्हणून."

साहेबांनी फोन ठेवला. लिहून काही आलं नाही. न्जागी म्हणाला, "कर गं बाई, तुझं कायमचं पत्र अडकलंय त्यात." ती केबल हातात घेऊन वेळ संपेपर्यंत बसून राहिली. मग पहिली ओळ पुसली आणि घरी आली.

मी मक्याच्या पिठाची उगाली वाढत होते. तिने सांगितलं आणि माझा तोलच गेला. "चर्चही बुडवलंस आणि कामही केलं नाहीस. अख्ख्या नैरोबीची काळजी तुलाच का?" तिची सुकुमाची भाजी तशीच ताटात राहिली.

दुपारी त्या प्रसारण कंपनीच्या माणसाचा फोन आला. आठवडाभराचे मिस्ड कॉल त्याने तेव्हा पाहिले होते. शहरातल्या मोठमोठ्या चर्चच्या प्रार्थना तो रविवारी थेट प्रक्षेपणाने सगळीकडे पोचवायचा. घरी पडून असलेली म्हातारी माणसं, परदेशातली मुलं, सगळी त्याच्यावर अवलंबून. विजेचं बिल परवडत नाही म्हणून सोमवार ते शनिवार त्याची यंत्रं बंद, फोन कपाटात. शहर चर्चमध्ये असतं म्हणून इमारत ज्या वेळेला निवांत समजायची, नेमकी तीच त्याची कामाची वेळ.

मला वाटलं, आता तरी साहेबांना कळेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"काल काही बंद पडलं का?" मुतिसोंनी विचारलं.

"नाही सर."

"कोणाची तक्रार?"

"नाही."

"मग तू वाचवलंस काय? मला दिसतंय ते एवढंच, की वेळ दिली होती आणि काम झालं नाही. विमावाले खवळलेत."

पुढे मोठे साहेब परतले, बैठक झाली, अठराची केबल रीतसर हलवली आणि त्यानंतरच्या रविवारी सतरा फोडलं. चारही दिवे पहिल्या झटक्यात लागले. टाइप न्जागीने केलं. विमा कंपनीने आभाराचं पत्र मुतिसोंना पाठवलं.

मकावासीला तीन महिन्यांचा नवा करार मिळाला. कारण लिहिलं होतं, निर्णय घेण्याची क्षमता अजून तपासायची आहे.

"सही करू नकोस," मी म्हणाले.

"मग काय करू? परत छतावर चढू?"

"त्या प्रसारणवाल्याला सांग, दोन शब्द लिहून दे म्हणावं."

"काय लिहील तो, आई? त्याचं तर काहीच बिघडलं नाही."

तिने करारावर सही केली, कोट घातला आणि मटाटूची मिनीबस पकडायला निघाली. मी फाटकापर्यंत गेले. पुढच्या खेपेला सांगतील ते मुकाट्याने टाइप कर, हे वाक्य माझ्या अगदी तोंडात आलं होतं. मी ते बोलले नाही. पण तो सल्ला चुकीचा आहे, असंही मला अजून म्हणता येत नाही.